गाभ्याचा कोळसा

प्रयोगशाळेत तिला सगळे 'चिमटा' म्हणत. कोळशाच्या तुकड्यातून केसाएवढं मूळ उपटून काढायचं असलं की ते काम हमखास तिच्या टेबलावर येई. जमिनीत पडून राहिलेल्या कोळशात आजच्या गवताची मुळं शिरतात. त्यातलं एखादं जरी आत राहिलं, तरी हजारो वर्षांचा कोळसा आपलं वय चोरतो. ती भिंगाला डोळा लावून बसली की तासभर मान वर करत नसे. हाक मारली तर 'हं' म्हणे, आणि त्या 'हं'चा अर्थ 'नंतर' असा असतो हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

त्या आठवड्यात मात्र चिमटे पेटीत होते. प्रयोगशाळा तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवायची होती आणि उरलेल्या नमुन्यांची कपाटं आवरायचं काम तिच्या वाट्याला आलं होतं. वय मोजून झाल्यावर जो कोळसा शिल्लक राहतो तो टाकून देत नाहीत. पिशवीत घालून, क्रमांक टाकून ठेवून देतात. कधी कोणाला शंका येईल, सांगता येत नाही. चौथ्या कपाटाच्या खालच्या खणात तिला दोन ओळखीच्या पिशव्या सापडल्या. मामाच्या.

मामा म्हणजे तिचा सख्खा मामा, आईचा थोरला भाऊ. आता निवृत्त झालेला, पण उत्खनन त्याच्या अंगात इतकं भिनलेलं की घरच्या कुंडीत पाणी घालतानाही तो मातीचा रंग बघे. नदीकाठच्या एका टेकाडावर त्याने अकरा हंगाम खणलं. सगळ्यात खालच्या थरात एक चूल सापडली. त्या चुलीतला कोळसा त्याने भाचीच्या प्रयोगशाळेत पाठवला, तेव्हा ती नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. तिने स्वतंत्रपणे हाताळलेला तो पहिला नमुना. वय आलं तीन हजार आठशे नव्वद, अधिक-उणे तीस. या कामात 'आजच्या आधी इतकी वर्षं' असं म्हणतात, पण तो 'आज' सगळ्या जगाने एकोणीसशे पन्नास सालीच थांबवून ठेवला आहे. मामा तेव्हा म्हणाला होता की तुमच्या हिशेबाने मी अजून जन्मलोच नाही, तेव्हा निवृत्तीचा प्रश्नच येत नाही.

आकडा ऐकून तो लहान मुलासारखा खूश झाला होता. कारण नदीच्या पलीकडच्या काठावरही एक वस्ती होती आणि ती त्याच्याच एका वर्गमित्राने खणली होती. मामाच्या घरात त्या गृहस्थांना नाव नव्हतं, ते 'पलीकडचे' होते. पलीकडच्यांना जळक्या धान्याचे दाणे मिळाले होते आणि त्यांचं वय होतं तीन हजार सहाशे वीस. म्हणजे मामाची चूल जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी जुनी. माणसं आधी इकडे आली, मग नदी ओलांडून तिकडे गेली. या एका वाक्यावर मामाने चार वर्षं खपून साडेतीनशे पानांचं पुस्तक लिहिलं. नाव ठेवलं 'अलीकडून पलीकडे'. पुस्तकाची शेवटची मुद्रितं सध्या त्याच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेली होती आणि आठ दिवसांत ती छापखान्याला परत द्यायची होती.

भाचीने पहिली पिशवी उजेडात धरली. आत लिंबाएवढं एक गुळगुळीत ढेकूळ होतं, एका बाजूने फोडलेलं. दुसऱ्या पिशवीत काड्या होत्या, पेन्सिलीएवढ्या जाड, काहींवर साल अजून चिकटलेली. तिला स्वतःचा तेव्हाचा विचार जसाच्या तसा आठवला. नमुना आधी आम्लात, मग अल्कलीत, मग पुन्हा आम्लात धुवावा लागतो. त्या धुण्यात निम्मा कोळसा विरघळून तपकिरी पाणी होतो. मोठा तुकडा घेतला तर चिंता नको. म्हणून तिने ढेकूळ घेतलं होतं.

नव्या माणसाने करायची ती नेमकी हीच चूक, हे आज तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

पेटीतलं सूक्ष्मदर्शक तिने पुन्हा बाहेर काढलं. ढेकळाचा नखाएवढा कपचा तोडून खाली ठेवला. वलयं दिसली, पण त्यांचा बाक इतका हलका की जणू सरळ रेघाच. म्हणजे लाकूड मोठ्या खोडाचं. लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिने पाहिल्या तर त्या आतून बुजलेल्या होत्या. झाड वाढत जातं तसं आतल्या जुन्या नळ्या बंद करून टाकतं आणि बाहेरच्या नव्या भागावर जगतं. बुजलेल्या नळ्या म्हणजे आतलं लाकूड. त्याच्या बाहेर आणखी किती वलयं होती, शंभर की तीनशे, ते जळून गेलेलं झाडच सांगू शकलं असतं.

मग तिने पिशवीवरची चिठ्ठी वाचली. पेन्सिलीने, ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता. 'गाभा.'

हा शब्द तिने चार वर्षांपूर्वीही वाचला होता आणि तिला तेव्हा तो आवडलाही होता. मामाच्या भाषेत चुलीचा गाभा म्हणजे चुलीचा अगदी मधला भाग, जिथे बाहेरून काही मिसळायची शक्यता सगळ्यात कमी. नमुना घ्यायला याहून चांगली जागा नाही. तिने अहवालात लिहिलं होतं, 'स्थान: चुलीचा गाभा'. आणि 'लाकडाचा प्रकार' या रकान्यात तिने एक आडवी रेघ मारली होती. तो रकाना भरायला अर्धा दिवस लागला असता, आणि मामा रोज फोन करत होता.

आता तिने अक्षर नीट पाहिलं. मामाचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. हे त्याचं नव्हतं.

दुपारी ती प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे गेली. मॅडम खोक्यांच्या मधोमध स्टुलावर बसून याद्या तपासत होत्या. भाचीने सगळं सांगितलं आणि विचारलं की काड्यांचा नमुना आत्ता मोजायला लावला तर. मॅडमनी यादीवरून डोळे काढले नाहीत. नमुना ज्याचा, परवानगी त्याची, हा नियम त्यांनी तिला पुन्हा ऐकवला. दुसरं, या वेळी तिने हात लावायचा नाही. काड्या दुसरं कोणीतरी धुणार आणि पिशवीवर फक्त क्रमांक राहणार. गेल्या वेळी नात्याचं सांगितलंस तेव्हा आकड्याला मामा-भाची कळत नाही असं तूच मला म्हणाली होतीस, एवढं मात्र त्यांनी आठवणीने जोडलं.

"नाही कळत, मॅडम," ती म्हणाली. "मला कळत होतं."

मॅडमनी तेव्हा वर पाहिलं. तीन आठवडे लागतील, त्या म्हणाल्या. त्याच्या आत देव आला तरी नाही.

मामाकडे जाण्याआधी एक गाठ सोडवायची होती. अक्षर कोणाचं, याचा अंदाज तिला होता. मामाच्या खोदकामावर मजुरांचा मुकादम म्हणून अकरा हंगाम जो माणूस होता, तो मुळात सुतार. पावसाळ्यात दारं-खिडक्या करायचा, कोरड्या दिवसांत मामाबरोबर खड्ड्यात. लहानपणी सुट्टीत ती तिथे गेली की तो तिला लाकडाच्या कपच्यांचे प्राणी करून द्यायचा. ती त्याला सुतारकाका म्हणे.

सुतारकाकाचं दुकान भुशाने भरलेलं होतं. तो एका चौकटीला रंधा मारत होता. तिला पाहून त्याने हात थांबवला नाही, फक्त म्हणाला की बसायचं असेल तर त्या फळीवर बस, खुर्चीचा पाय अजून ओला आहे. तिने पिशवी त्याच्यासमोर धरली. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"माझंच अक्षर. का, चुकलं?"

"गाभा म्हणजे काय, काका?"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने पाणी म्हणजे काय विचारलं. मग बाजूला पडलेला एक ओंडक्याचा तुकडा उचलला आणि अंगठा मधल्या काळसर भागावर टेकवला. "हा गाभा. ही बाहेरची कच्ची बाजू. चारशे वर्षांचं खोड असलं तर हा चारशे वर्षांचा, आणि ही कालची. म्हणून लिहून ठेवलं. काड्यांच्या पिशवीवर 'सालीसकट' लिहिलंय बघ."

"मामाला सांगितलं होतंत?"

"तोंडाने सांगितलं. म्हटलं साहेब, हा गाभा आहे. तर साहेब म्हणाले, वा! गाभा! आणि इतके खूश झाले की मला वाटलं, त्यांना गाभाच हवा होता." तो पुन्हा रंध्याकडे वळला. "शिकलेल्या माणसाला दोनदा सांगू नये. त्याला वाटतं आपण त्याला शिकवतोय."

तिला हसू आलं आणि लगेच ओसरलंही.

संध्याकाळी ती मामाकडे पोचली तेव्हा मामी दारातच म्हणाली की बरं झालं आलीस, आता ताटं मांडीवर घेऊन जेवायची वेळ आली आहे. टेबलावर, खुर्च्यांवर, रेडिओवर मुद्रितं होती. मामा लाल पेनाने स्वल्पविराम काढत होता आणि लावत होता. त्याने भाचीला बसवलं, पहिल्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद वाचून दाखवला आणि विचारलं की 'निःसंशय' हा शब्द जास्त तर होत नाही ना.

"मामा, त्याच शब्दाबद्दल आले आहे," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. मधे न थांबता, आकड्यांसकट, वाटेत ठरवल्याप्रमाणे आपल्या रेघेपासून सुरुवात करून. मामाने ऐकून घेतलं. ऐकताना त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"आकडा चुकला म्हणतेस?"

"आकडा बरोबर आहे. कोळसा तेवढाच जुना आहे. पण तो झाडाच्या पोटातला आहे. झाड उभं असतानाच तो भाग हवेतून काही घ्यायचा थांबला होता. आपलं घड्याळ तिथून चालतं. चूल पेटली तिथून नाही."

"हे मला सांगतेस?" मामाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तीस वर्षं वर्गात शिकवलंय मी हे. जुन्या लाकडाचा धोका. फळ्यावर झाड काढून."

"मग तू काडी का नाही पाठवलीस?"

"दोन्ही पाठवल्या. मला वाटलं, तू बघशील."

"मला वाटलं, तू बघून पाठवलंय."

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली की मामा-भाचीचं हे असं आहे, दोघं मिळून दिवा लावायला बसले आणि काडी कोणाकडेच नव्हती. मामा उठून गॅलरीत गेला. तिथे एका कुंडीतली माती बोटाने उगाच उकरत राहिला.

परत आला तेव्हा त्याच्याकडे एक तोडगा होता. पुस्तक आत्ता निघू दे. नमुना लावा. काही वेगळं आलं तर दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करू, सगळेच करतात.

"दुसरी आवृत्ती," मामी म्हणाली. "पहिली घेणारे मी बोटांवर मोजलेत, आणि त्यात आपल्याच घरचे तीन."

म्हणण्यासारखं भाचीकडे एकच होतं आणि ते बोलायला तिची जीभ रेटत नव्हती. पण मामा तिच्याकडे बघत राहिला तेव्हा बोलावंच लागलं.

"पलीकडच्यांचे धान्याचे दाणे आहेत, मामा. धान्य एका हंगामात उगवतं आणि मरतं. त्यांच्या आकड्याला गाभा नाही. पुस्तक आलं की पहिल्याच आठवड्यात ते विचारतील, तुमचं लाकूड कोणतं. तेव्हा माझी रेघ दिसेल. माझ्या रेघेचं काही नाही. पण तू त्यांना काय सांगशील?"

मामा खाली बसला. समोरच्या पानावर 'निःसंशय' हा शब्द होता, त्याच्याभोवती त्याने पेनाने गोल काढला.

"आणि मोजून तोच आकडा आला तर?" मामीने विचारलं.

"तर पुस्तक महिनाभर उशिरा निघेल," भाची म्हणाली.

"वेगळा आला तर?"

मामाने फोन उचलला आणि छापखान्याला लावला. एक दुरुस्ती आहे, थांबवा, एवढंच म्हणाला. तिकडून किती ओळींची, असं विचारलं असावं. "अजून मोजली नाही," मामा म्हणाला.

परवानगीचा कागद त्याने तिथेच भरला. 'नमुन्याचे वर्णन' या रकान्यात लिहिण्याआधी त्याने तिला काड्यांची पिशवी उघडायला लावली, स्वतःचं जुनं भिंग काढलं आणि एका काडीची वलयं दोनदा मोजली. मग त्या मुंग्यांच्या अक्षरात लिहिलं: 'काडी. सालीसकट. वलये अकरा.' म्हणजे ही काडी तोडली तेव्हा फार तर अकरा वर्षांची होती. इथे गाभा असून नसल्यासारखा.

तीन आठवडे भाची वरच्या मजल्यावर खोकी उघडत राहिली. शेजारच्या टेबलावर तिचा सहकारी काड्या धूत होता. तपकिरी पाणी, मग फिकं, मग स्वच्छ. पिशवीवर क्रमांकच होता, पण काड्या ती ओळखत होती. तो मुद्दाम पाठ करून बसे. एकदा मूळ निघेना म्हणून त्याने सवयीने हाक मारली, "चिमटा, जरा..." आणि स्वतःच जीभ चावून गप्प बसला. पुढे काड्यांचा वायू झाला, वायूचा ग्राफाइट झाला, तांदळाच्या दाण्याहून लहान गोळी होऊन तो यंत्रात गेला. मामाचा या दिवसांत एकही फोन आला नाही. मागच्या वेळच्या रोजच्या फोनांपेक्षा ते तिला जड गेलं.

आकडा आला तो मॅडमनी स्वतः तिच्या हातात दिला. तीन हजार सहाशे दहा, अधिक-उणे तीस.

ती तो कागद घेऊन मामाकडे गेली. टेबल मोकळं होतं, मुद्रितांचा गठ्ठा दोरीने बांधून कोपऱ्यात ठेवलेला. मामाने कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. सहाशे दहा आणि सहाशे वीस, दोघांनाही तिसाची सूट. यात पुढे-मागे कोणी राहिलं नव्हतं.

"दोनशे ऐंशी वर्षं गेली," तो म्हणाला. कोणाकडे गेली ते त्याने सांगितलं नाही.

"मामा, मी..."

"थांब." तो खिडकीबाहेर बघत होता. "म्हणजे दोन्ही काठांवर एकाच काळात चुली पेटत होत्या. नदी तिथे किती रुंद आहे? हाक ऐकू जाणार नाही, पण धूर दिसेल. रोज संध्याकाळी यांना त्यांचा धूर दिसत असेल, त्यांना यांचा. आणि मी यांना नदी ओलांडायला लावत बसलो होतो."

मामीने विचारलं की मग पुस्तकाचं नाव काय ठेवणार. मामा म्हणाला, ते नंतर. आधी पलीकडच्याला मीच कळवतो, दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तो आनंदाने आजारी पडेल. आणि खरोखरच त्याने त्याच दिवशी पत्र लिहिलं. बारा वर्षं ते दोघे फक्त तळटिपांमधून एकमेकांशी बोलत होते. पत्रात पहिलं वाक्य आकड्याचं होतं आणि दुसरं लाकडाचं. दिलगिरीचं वाक्य त्याने दोनदा लिहून दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

भाचीला वाटलं, इथे संपलं. पण पुढच्या रविवारी मामाने तिला बोलावून घेतलं. ती गेली तर टेबल पुन्हा भरलेलं. या वेळी पिशव्यांनी. टेकाडावरच्या साऱ्या कोळशाच्या पिशव्या, चाळीसेक, मामाने उत्खननाच्या भांडारातून सही करून घरी आणल्या होत्या, आणि खुर्चीत सुतारकाका बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, डॉक्टरकडे आल्यासारखा.

"यातल्या बावीसांवर याचं अक्षर आहे," मामा म्हणाला. "मी काय समजत होतो ऐक. ही बघ, 'किडका'. मला वाटलं, पिशवीत किडे झालेत. मी पिशवी बदलली."

"लाकूड किडकं होतं," सुतारकाका म्हणाला. "भोकं दिसतात की. पडलेलं, वाळलेलं, उचलून आणलेलं."

"आणि या सहा पिशव्या. 'ओला.' मी नोंदवहीत लिहिलं, माती दमट."

सुतारकाकाने एक पिशवी उघडून तुकडा तळहातावर घेतला आणि भाचीला जवळ बोलावलं. नखाने त्याने तडा दाखवला, मधून निघून बाहेरपर्यंत फाटत गेलेला. "ओलं लाकूड जाळलं की असं तडकतं. तोडलं आणि लगेच चुलीत घातलं."

"सहाच्या सहा सगळ्यात खालच्या थरातल्या आहेत," मामा हळू म्हणाला. "वरच्या थरांत एकही नाही. मुकादम, माणूस ओलं लाकूड का जाळतो? डोळ्यांत धूर जातो, ऊब मिळत नाही."

"वाळवून ठेवलेलं नसलं की जाळतो." सुतारकाकाने खांदे उडवले. "नवीन घरी राहायला गेलो तेव्हा आम्हीपण पहिला महिना ओलंच जाळलं. ढीग घालायला, तो वाळायला, वेळ लागतो ना."

मामा आणि भाचीने एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे त्या थरातली माणसं तिथे नुकतीच येऊन राहिलेली असणार. तिच्या मनात लगेच दहा शंका उभ्या राहिल्या. तडा दुसऱ्या कारणाने पडत असेल, सहा पिशव्या फार थोड्या आहेत, आधी सगळे तुकडे भिंगाखाली बघायला हवेत. तिने त्या एकेक करून सांगायला सुरुवात केली आणि मामा प्रत्येकीला मान डोलवत गेला.

"रकाने आखायला कागद दे," तो मामीला म्हणाला.

कागद मिळेना. शेवटी त्याने कोपऱ्यातल्या गठ्ठ्याची दोरी सोडली, वरचं पान काढलं आणि उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. तिथे त्याने उभ्या रेघा ओढल्या, पहिल्या रकान्यावर लिहिलं 'चिठ्ठीवरचा शब्द', दुसऱ्यावर लिहिलं 'सुताराचा अर्थ', तिसऱ्यावर 'भिंगाखाली'. मग पेन भाचीकडे सरकवलं.

"एकही रकाना रिकामा सोडायचा नाही," तो म्हणाला. "आणि रेघ तर मुळीच मारायची नाही."

तिने आपला चिमटा पेटीतून बाहेर काढला. सुतारकाकाने पहिली पिशवी पुढे केली.